ताईच्या खड्यांचा चार्ज

गुडघा बदलून घ्यायला ताई तयार झाली, हा पहिला धक्का. एका अटीवर तयार झाली, हा दुसरा. आणि ती अट ऐकून कुलूपराव कपासकट उभे राहिले, हा तिसरा. कारण हातातला चहा संपवल्याशिवाय त्यांना उठताना त्यांच्या बायकोनेही कधी पाहिलं नव्हतं, आणि कप अजून अर्धा भरलेला होता.

"पाच-सहा दिवस मी आडवी असणार," ताई म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, औषधांनी नजर तरळते, आठवडाभर फोनकडे बघायचं नाही. मग माझा खेळ कोण खेळणार?"

"कसला खेळ?"

"खड्यांचा रे. तीन सारखे जुळवायचे तो. माझी ज्योत विझेल ना!"

ज्योत म्हणजे फोनच्या कोपऱ्यातलं नखाएवढं चित्र. रोज संध्याकाळी सहाच्या आत निदान एक लेव्हल जिंकली की ती पेटती राहते. एक दिवस जरी चुकला तरी विझते, आणि तिच्याखालचा आकडा शून्यावर येतो. ताईचा आकडा पाचशे अकरा होता.

"ताई," कुलूपराव परत खाली बसत म्हणाले, "तुझं हाडावर हाड घासतंय. जिना चढताना तू कठड्याला जे बोलतेस ते तळमजल्यावर ऐकू येतं. आणि तू एका चित्रासाठी..."

"मग राहू दे. नकोच ऑपरेशन. मी कधी म्हटलं होतं, करा म्हणून?"

ते तिने खरंच म्हटलं नव्हतं. दोन वर्षं कुलूपरावच मागे लागले होते. आता डॉक्टरांची तारीख मिळाली, खोली मिळाली, आणि मोठी बहीण नखाएवढ्या चित्रावर अडून बसलेली. हिला उचलून न्यावं तर वजन आहे, आणि समजावून न्यावं तर ती छत्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. समोरच्याचं बोलणं मध्येच कसं तोडायचं हे तिला पगार घेऊन शिकवलेलं.

"बरं, मी खेळतो," ते म्हणाले.

"तू?" हे ताई आणि बायको दोघी एकदम म्हणाल्या.

"का? सारख्याशी सारखं लावायचं, एवढंच ना? मी एकतीस वर्षं दुसरं काय करतोय?"

हे मात्र खरं होतं. कुलूपराव एका मोठ्या कार्यालयाचे भांडारपाल. कागद, पेनं, खुर्च्या, दिवे, फिनेल, टाचण्या, सगळं त्यांच्या ताब्यात. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं. बाकी जगात ते कुलूपराव. संपलेली रिफिल जमा केल्याशिवाय त्यांनी कुणाला नवी दिली नाही. आवकजावक विभागातल्या मॅडमनी चार वर्षांपूर्वी मऊ बैठकीची खुर्ची मागितली होती, ती अजून "प्रक्रियेत" होती. वर्षअखेरीला लोकांचा साठा संपतो. कुलूपरावांचा वाढलेला असायचा, आणि त्याचा त्यांना नातवंडं झाल्यासारखा आनंद व्हायचा.

ताईने फोन पुढे केला आणि आवाज उतरवला. "एक लक्षात ठेव. आमची तीस जणींची टीम आहे, 'निवांत' नावाची. नियम एकच, ज्याने त्याने आपल्या हातानेच खेळायचं. हेडबाई फार कडक आहेत. गेल्या वर्षी एकीच्या सुनेने दुपारभर तिच्या जागी खेळून दिलं, तर त्यांनी त्या बिचारीला संध्याकाळच्या आत काढलं. तेव्हा तू खेळतोयस हे कुणाला कळता कामा नये. गप्पांच्या पानावर कुणी काही बोललं तर हो-ला-हो कर. रोज एक लेव्हल जिंक, आणि जास्त शहाणपणा करू नकोस."

हेडबाई म्हणजे कुठल्याशा शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. ताईने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आवाजही ऐकला नव्हता. दोन वर्षांची मैत्री सगळी अंगठ्याने टाइप केलेली.

कुलूपरावांनी कागद घेतला आणि खेळातला साठा मोजून उतरवला. हातोडे त्रेचाळीस, बॉम्ब सतरा, सप्तरंगी गोळे नऊ, जीव पाच. खाली 'चार्ज देणार' आणि 'चार्ज घेणार'. ताईने सही केली. बायको म्हणाली, "वन्सं, तुम्ही भूल घ्यायच्या आधीच भूल घेतलीत."

सोमवारी ताईला दाखल करून कुलूपराव कार्यालयात आले, खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि एक हजार दोनशे अकरावी लेव्हल उघडली. आठ बाय आठचा चौक, रंगीबेरंगी खडे, आणि कोपऱ्यांत काहीतरी पांढरं थिजलेलं. ते त्यांनी सोडून दिलं. आपल्या कपाटातही कोपऱ्यात काहीबाही असतंच. वर डावीकडून सुरुवात केली, जशी यादी वाचतात तशी. इतक्यात तीन हिरवे खडे आपणहून लुकलुकले. कुलूपरावांना फार बरं वाटलं. इतकं सहकार्य त्यांना कुठल्याच विभागाकडून मिळालं नव्हतं. त्यांनी हिरवे जुळवले. मग निळे लुकलुकले, ते जुळवले. बावीस चाली अशा सहकार्यात गेल्या आणि एक उदास सूर वाजून पडद्यावर आलं: 'हरलात.'

कुलूपरावांनी फोन उलटा करून पाहिला. परत खेळले. परत हरले. अकरा मिनिटांत पाचही जीव गेले, आणि पडद्यावर आलं की पुढचा जीव यायला अर्धा तास लागेल.

धक्का हरण्याचा नव्हता. एकतीस वर्षांत त्यांच्या ताब्यातला कुठलाही माल अकरा मिनिटांत संपला नव्हता, धक्का त्याचा होता.

दुपारच्या सुट्टीत त्यांनी बायकोला फोन केला. ती म्हणाली, "जे चमकतं तिथे बोट लावताय ना? मला वाटलंच. लग्नाआधी सूटच्या कापडातही तुम्ही तेच केलं होतं." याउपर घरून मदत मिळाली नाही.

साडेतीनला आवकजावक मॅडम गोंद मागायला आल्या आणि कुलूपरावांच्या खांद्यावरून त्यांची नजर फोनवर गेली. कुलूपरावांनी फोन नोंदवहीखाली सारला, पण या बाई दिवसाला दोनशे पाकिटं न उघडता ओळखतात.

"बाराशे अकरा?" त्या म्हणाल्या. "बर्फाची लेव्हल. मी तीन हजार चाळीसवर आहे."

तीन हजार चाळीस! ही बाई गेली अनेक वर्षं मान खाली घालून टपाल नोंदवते, अशी सगळ्या कार्यालयाची समजूत होती.

"बहिणीचं ऑपरेशन आहे," कुलूपराव पुटपुटले. दुसरं काही सुचेना, म्हणून मग सगळंच सांगून टाकलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "शिकवते. पण उभ्याने शिकवणार नाही. मला बसायला मऊ खुर्ची लागते."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला आले होते. दोन तासांनी पाचशे अकरा दिवस पाण्यात जाणार होते. कुलूपरावांनी आतल्या खिशातून किल्ली काढली. भांडाराच्या मागच्या खोलीतून प्लास्टिकचं वेष्टण असलेली खुर्ची बाहेर आली, तेव्हा वऱ्हांड्यातला शिपाई हातातला ट्रे धरून तसाच उभा राहिला.

"आता बघा," खुर्चीत नीट टेकून मॅडम म्हणाल्या. "आधी वाचायचं, काय मागितलंय. इथे काय मागितलंय? बर्फ फोडा. आणि तुम्ही हिरवे खडे गोळा करत बसलात. मागणीपत्र न वाचता माल देता का कधी?"

"मी वाचूनही देत नाही," कुलूपराव प्रामाणिकपणे म्हणाले.

"जे लुकलुकतं ते खेळाच्या सोयीचं, तुमच्या नाही. ते घाईच्या माणसासाठी असतं. आणि वरून का खेळता? खालून खेळा. खालचे तीन गेले की वरची सगळी रांग कोसळते, आणि पडता पडता आपोआप दोन-तीन ठिकाणी जुळतं. ते फुकट. वर खेळलात तर वरचेच हलतात. साहेबांच्या बदलीसारखं, खाली कुणाला पत्ता नसतो."

कुलूपराव नोंदवहीत लिहू लागले.

"लिहू नका, बघा. तीन जुळवणं हे शेवटचं. आधी चार शोधायचे. चार जुळले की रॉकेट मिळतं. पाच एका ओळीत आले की सप्तरंगी गोळा. तो मिळाला म्हणून लगेच फोडायचा नाही. त्याच्या शेजारी रॉकेट येऊ द्या, मग एकमेकांत घाला. कोपऱ्यातला बर्फ आधी, कारण तिथे पोचायला जागा कमी. मधलं जाता जाता फुटतंच. आणि तरी अडलं, तर हातोडा."

"हातोडा नको."

"अहो, त्रेचाळीस आहेत!"

"म्हणजे त्रेचाळीसच परत द्यायचे."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात चार वर्षांची लाकडी खुर्ची होती. "कुलूपराव," त्या म्हणाल्या, "पावसात भिजत चाललात आणि छत्री काखेत कोरडी ठेवलीत, तर छत्री काय आभार मानते?"

हातोड्याशिवाय लेव्हल जिंकायला सहाला बारा मिनिटं कमी असेपर्यंत वेळ लागला. ज्योत फुरफुरली, आकडा पाचशे बारा झाला. गप्पांच्या पानावर कुणीतरी 'शाब्बास ताई' लिहिलं. उत्तर द्यायला हवं म्हणून कुलूपरावांनी विचारपूर्वक टाइप केलं: 'सहकार्याबद्दल आभारी आहे.'

मंगळवारी ऑपरेशन नीट पार पडलं. भांडारात मात्र वेगळाच प्रकार झाला. कुलूप उघडलं ही बातमी चारही मजल्यांवर गेली होती. लेखा विभाग पंखा मागायला आला, टायपिस्ट पायाखालची फळी मागायला आली, आणि एक गृहस्थ नुसतेच येऊन उघडं कपाट बघून गेले. शेवटी साहेबांनी बोलावून घेतलं. "तब्येत बरी आहे ना? खुर्ची दिलीत म्हणे." आवाजात खरीखुरी काळजी होती. "काही असेल तर रजा घ्या. निवृत्तीला तीन वर्षं राहिली की माणसाचं असं होतं."

कुलूपरावांनी रजा घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या रजेच्या अर्जावर साहेबांनी वाचायच्या आधी सही केली.

खालच्या मजल्यावर विमेवाले राहतात. हा माणूस जगातल्या कुठल्याही अडचणीकडे 'तुम्ही मला आधी का नाही विचारलंत' या नजरेने बघतो. बुधवारी सकाळी जिन्यात कुलूपराव फोनवर वाकलेले दिसताच ते म्हणाले, "खेळ अपडेट केलात का? नाही? अहो, जुन्या आवृत्तीत लेव्हली मुद्दाम अवघड ठेवतात. आणा इकडे." कुलूपराव 'नको' म्हणेपर्यंत त्यांनी अपडेट केला. खेळ बंद झाला, उघडला, आणि पडद्यावर आलं: 'आपली ओळख पटवा. जन्मतारीख भरा.'

"हे तर सोपं आहे," विमेवाले म्हणाले आणि क्लायंटची वेळ झाली म्हणून निघून गेले.

घरातल्या सगळ्यांचे दाखले कुलूपरावांकडेच. ताईची जन्मतारीख त्यांना स्वतःच्या तारखेआधी पाठ. त्यांनी ती भरली. 'चुकीची आहे. आता दोनच संधी.' त्यांनी दाखला काढला, चष्मा पुसला, अंक न् अंक तपासून पुन्हा भरली. 'चुकीची आहे. आता एकच संधी.'

सरकारी दाखला चुकीचा! कुलूपरावांनी दाखला खिशात घातला आणि चपला चढवल्या.

दुपारी ते हॉस्पिटलात पोचले. भेटीची वेळ चारला होती, आणि त्याआधी पास लागत होता. पासाला अर्ज, अर्जाला कारण. खिडकीतल्या माणसाने अर्ज वाचला. "'रुग्णाची जन्मतारीख विचारणे.' तुम्ही भाऊ ना?"

"सख्खा."

"मग तुम्हाला बहिणीची जन्मतारीख माहीत नाही?"

"खरी माहीत आहे," कुलूपराव म्हणाले. "चुकीची हवी आहे."

त्या माणसाने पेन खाली ठेवलं, एकदा त्यांच्याकडे आणि एकदा मानसिक आरोग्य विभागाच्या पाटीकडे पाहिलं, आणि पास दिला. असल्या माणसाला खिडकीशी जास्त वेळ उभं ठेवू नये हे त्याला अनुभवाने ठाऊक असावं.

ताई अर्धवट डोळे मिटून पडली होती. कुलूपरावांनी कानाशी जाऊन विचारलं. तिने हसऱ्या चेहऱ्याने जी तारीख सांगितली, तिच्यात दिवस खरा, महिना खरा, आणि साल असं की ताई चौतीस वर्षांची झाली.

"ताई! चौसष्टची तू! तीस वर्षं खाल्लीस?"

"अरे, साठच्या वर टाकलं की खेळाच्या मधेमधे गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती दाखवतात," ताई म्हणाली. "चौतीस टाकलं तर बूट दाखवतात. बघायला बरं वाटतं."

कुलूपराव बाहेर आले, बाकावर बसले आणि त्यांनी आयुष्यातली पहिली खोटी नोंद स्वतःच्या हाताने केली. कुठे वीज पडली नाही. खेळ म्हणाला, 'पुन्हा स्वागत आहे!' आणि पाच वाजून वीस मिनिटांनी ज्योतीखाली पाचशे चौदा आलं.

आता हात बसू लागला होता. खालून खेळायचं, कोपरे आधी, चमकेल त्याकडे दुर्लक्ष. शुक्रवारी तर त्यांनी दोन सप्तरंगी गोळे शेजारी येईपर्यंत दम धरला, एकमेकांत घातले, आणि सगळा चौक एका दमात रिकामा झाला, तेव्हा "अहाहा!" असं ते इतक्या मोठ्याने म्हणाले की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. एकोणतीस वर्षांच्या संसारात हा शब्द तिच्या वाट्याला आला नव्हता, हे तिने त्यांना लगेच ऐकवलं.

याच फुशारकीत त्यांनी गप्पांचं पान वाचायला घेतलं. तिथे आठवड्याचा तक्ता होता. जिंकताना ज्या चाली उरतात त्यांचे तारे मिळतात. ज्याचे तारे जास्त त्याचा पहिला नंबर, शनिवारी सहाला निकाल. पहिल्या हेडबाई, आणि ताई कुठेतरी खाली. मागचा आठवडा उघडला: हेडबाई पहिल्या, ताई तीन ताऱ्यांनी दुसरी. त्यामागचा: पाच ताऱ्यांनी दुसरी. कुलूपराव मागे मागे गेले. चार ताऱ्यांनी दुसरी, दोन ताऱ्यांनी दुसरी. दोन वर्षांच्या सगळ्या शनिवारी ताई दुसरी! एखाद्याच्या नशिबावर इतका अन्याय त्यांनी बढतीच्या यादीतही पाहिला नव्हता.

तेवढ्यात पानावर हेडबाईंचा मजकूर आला. 'ताई, आठवडाभर हात जड चाललाय तुझा. तुझ्या त्या कुलूपबंद भावाचा गुण लागला का?'

कुलूपराव गार पडले. खाली एकीने लिहिलं, 'ज्याने बहिणीला वाढदिवसाला ऑफिसचं कॅलेंडर दिलं तो?' दुसरी: 'तेही गेल्या वर्षीचं!' तिसरी: 'त्याच्याकडे हातोडे असते तर त्याने त्यांनाही कुलूप लावलं असतं.'

तीस बायकांना, ज्यांना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, त्यांच्या चरित्राची पानं न् पानं पाठ होती. आणि कॅलेंडर गेल्या वर्षीचं असलं तरी चित्रं चांगली होती, हा मुद्दा कुणीच विचारात घेतला नव्हता. त्यांनी ताईच्या नावाने लिहिलं: 'माझा भाऊ स्वभावाने अत्यंत चांगला आहे.'

मग एकामागून एक: 'ताई, बरं आहे ना?' 'ताई, ताप आहे का?' 'ताई, घरात दुसरं कुणी आहे का?'

शनिवारी दुपारी जेवण होताच कुलूपराव टेबलाशी बसले. दोन्ही कोपर नीट टेकवले. हेडबाई एकशे चाळीस ताऱ्यांनी पुढे होत्या. "बघू कुणाचा हात जड आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिला हातोडा उचलला.

माणूस पहिलं कुलूप उघडेपर्यंतच अडचण असते. पहिल्या हातोड्याला त्यांचा जीव कळवळला. दहाव्याला हात सैल झाला. विसाव्यानंतर ते खुर्चीत पुढे सरकले. बर्फ दिसला, हातोडा. साखळी दिसली, बॉम्ब. काहीच दिसलं नाही, तरी गोळा! सहा चालींत लेव्हल जिंकली, सोळा चाली उरल्या, त्यांचे तारे झाले. पुढची लेव्हल, तिच्या पुढची. बायको दारात उभी राहून बघत होती. "अहो, थोडे ठेवा," ती म्हणाली. हे वाक्य त्या घरात आजवर तिने बोललेलं नव्हतं.

चार वाजता शेवटचा हातोडा पडला. तक्ता उघडला: ताई पहिली. एकशे शहाण्णव ताऱ्यांनी.

पानावर कुणी शाब्बास म्हटलं नाही. कुणी काहीच म्हटलं नाही. दहा मिनिटांनी एकच ओळ उमटली, खेळाने स्वतःहून लिहिलेली: 'हेडबाई टीममधून बाहेर पडल्या.'

कुलूपराव हॉस्पिटलात पोचले तेव्हा ताई उशीला टेकून बसली होती. कुलूपरावांनी आधी तक्ता वाचून दाखवला, पहिला नंबर ऐकवला, आणि मग ती ओळ, सहज आठवल्यासारखी. ताईच्या चेहऱ्याचा रंग चादरीसारखा झाला.

"अरे गाढवा," ती म्हणाली. साठीकडे झुकलेल्या माणसाला भर वॉर्डात असं कुणी म्हणत नाही. पण ताईने हळूही म्हटलं नाही. "मी दोन वर्षं दुसरी राहत होते ते मला पहिलं येता येत नाही म्हणून? दर शनिवारी साडेपाचला त्यांचे तारे मोजून हात आवरायचे मी. पहिलं काय, कुणीही येतं. दोन-तीन ताऱ्यांनी दुसरं यायला डोकं लागतं!"

"पण का?"

"त्या एकट्या आहेत रे. शाळा संपली, नवरा गेला. दिवसभरात त्यांना 'बाई' म्हणणारं कुणी असेल तर आम्हीच. एवढा एक पहिला नंबर होता त्यांचा." ताईने डोळे पुसले. "लाव फोन."

"नंबर आहे?"

"दीड वर्षापूर्वी दिला होता त्यांनी, काही अडलं तर लाव म्हणून. काही अडलंच नव्हतं कधी."

ताईने दहाही आकडे न बघता सांगितले. कुलूपरावांनी आवाज मोठा करून फोन चादरीवर ठेवला. वाजला, वाजला, आणि एक बारीक, थोडा किनरा आवाज म्हणाला, "कोण?"

"बाई, मी ताई, हॉस्पिटलातून बोलतेय. बाई, ती मी नव्हते, तो माझा भाऊ. त्याला अक्कल नाही. तुम्ही रागावू नका, परत या. नाहीतर मला काढा, नियमाप्रमाणे."

"काहीतरी गडबड आहे हे मला सोमवारीच कळलं," आवाज म्हणाला. "दोन वर्षांत शाबासकीला तू कधी अंगठ्याच्या चित्रापलीकडे उत्तर दिलं नाहीस, आणि सोमवारी आलं, 'सहकार्याबद्दल आभारी आहे.' मी म्हटलं, ही आजारी तरी आहे, नाहीतर हिच्या घरात सरकारी माणूस शिरलाय. मग तुला बरं नसेल म्हणून गप्प बसले. जरा टोचून बघितलं, तर तो भाऊच स्वतःची तारीफ करायला लागला."

कुलूपरावांनी वॉर्डच्या छताकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही त्याच्या पहिल्या नंबरावर रागावल्या नाहीत?"

"छे! नियम मी केला, आणि कळूनही गप्प बसले. दुसरीला काढलं होतं ना याच कारणासाठी? मग मला कुणी काढायचं? मध्येच बोलले तर तो खेळ टाकून पळेल आणि तुझी ज्योत जाईल, म्हणून आठवडाभर थांबले, आणि आज माझं नाव मीच काढलं." थोडं थांबून आवाज म्हणाला, "आणि नंबराचं म्हणशील, तर तीन-तीन ताऱ्यांनी मागे राहतेस ते मला कळत नाही होय? पस्तीस वर्षं पेपर तपासलेत मी. येत असूनही चुकवलेलं उत्तर लांबून ओळखू येतं. मला पहिलं आणायची तुझी हौस, तुझा हिरमोड नको म्हणून मी रोज चार-चार तास खेळत बसायचे. पाठ मोडली माझी."

ताईने तोंडावर पदर धरला. मग दोन्हीकडून एकदम हसू फुटलं. असं, की पलीकडच्या खाटेवरची बाई कुशीवर वळून बघू लागली.

"कुठलं हॉस्पिटल?" हेडबाईंनी विचारलं. "उद्या येते."

रविवारी दुपारी त्या आल्या. तीस बायका जिला टरकतात ती बाई चार फूट दहा इंच निघाली. हातात काठी, खांद्याला पिशवी. "हाच का तो?" एवढंच म्हणून त्यांनी कुलूपरावांची खुर्ची घेतली. ताईने नजर तरळवणारी औषधं संपल्याचं सांगितलं, आणि दोघी बोलायला लागल्या. कुलूपराव कधी या पायावर, कधी त्या पायावर उभे राहिले. सव्वापाच झाले.

"ताई, आजची लेव्हल," त्यांनी फोन पुढे केला. "शिल्लक काही नाही. पण आज बर्फ नाहीये, बावीस चाली आहेत, होईल."

"हो रे, एक मिनिट."

साडेपाच. "ताई."

"अरे हो. हां बाई, मग ती मुलगी पुढे काय म्हणाली?"

पावणेसहाला त्यांनी स्वतः खेळून पाहिलं. पायांतली रग, कानावर दोन बायकांचं हसणं, हातोडा एकही नाही, हरले. पुन्हा हरले. सहाला सहा मिनिटं असताना त्यांनी फोन सरळ ताईच्या हातातच दिला. "पाचशे सतरा दिवस आहेत, ताई! एक लेव्हल. तुझ्या हाताने चार मिनिटांची."

ताईने पडद्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या ज्योतीकडे पाहिलं, हेडबाईंकडे पाहिलं. हेडबाई वाक्याच्या मध्यावर थांबल्या होत्या, आणि पुढचं सांगायला त्यांचे डोळे नुसते चमकत होते.

ताईने फोन बंदही केला नाही. पालथा करून उशीखाली सारला. "सांगा बाई. दारात इन्स्पेक्टर उभे, आणि मग?"

भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा सरळ वर गेला. कुलूपराव तो जाताना बघत होते. त्यांनी आठवड्याची रजा घातली होती, खोटी तारीख भरली होती, तीस घरांत अब्रू घालवली होती, एकतीस वर्षांत पहिल्यांदा साठा शून्यावर आणला होता. सहा वाजून एक मिनिटाने त्यांनी हळूच उशीखाली हात घातला, फोन काढला आणि पाहिला. मग चष्मा काढून रुमाल शोधू लागले.

नर्सबाई औषधांचा ट्रे घेऊन आत आल्या, त्यांनी हे पाहिलं आणि जवळ येऊन कुलूपरावांच्या दंडावर हात ठेवला.

"काका, घाबरू नका," त्या म्हणाल्या. "पेशंट अगदी छान आहे. बघा, किती हसताहेत!"

"हो," कुलूपराव म्हणाले. "पेशंट छान आहे."